लढाया दाखवणारे मालक

खोली बघायला गेलो तेव्हा मालकांनी पहिला प्रश्न विचारला तो आमच्या यांना, आणि तो असा: "तुम्ही डावखुरे का?"

यांनी नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. डावी फळी नेहमी अपुरी पडते, असं काहीतरी ते पुटपुटले. मग माझ्याकडे वळले. "वहिनी, उन्हात उभं राहायची सवय आहे?" मी म्हटलं, रॉकेलच्या रांगेत राहते तेवढी आहे. हे उत्तर त्यांना पसंत पडलं असावं, कारण डिपॉझिटचं मागाहून बघू म्हणत त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. अट एकच घातली. वर्षातून एकदा तरी त्यांच्याबरोबर लढाईला यायचं.

माणसाचं डोकं ठिकाणावर नाही हे मला जिना उतरतानाच कळलं होतं. पण बोरिवलीत तेवढ्या भाड्यात मोरी आणि खिडकी दोन्ही असलेली खोली दुसरी कुठे मिळणार? आम्ही ट्रंका आणून टाकल्या.

एकसरच्या रस्त्यावर त्यांचं दुमजली घर होतं. वर ते एकटे, खाली आम्ही चार बिऱ्हाडं. तेव्हा आजूबाजूला अजून भाताची खाचरं होती आणि एकेका खाचरात भराव पडून बिल्डिंगा उभ्या राहत होत्या. मालकांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी नागपूरला दिलेली. नोकरी झाली हवामान खात्यात. सांताक्रूझला विमानतळाजवळ रोज आकाशात फुगा सोडायचा आणि तो कुठल्या वाऱ्याने कुठे जातो ते दुर्बिणीतून बघत बसायचं, हे त्यांचं काम. जन्मभर वर बघून बघून त्यांची मान मागे कललेली राहिली होती. त्यामुळे ते कुणाशीही बोलत असले तरी आपल्या डोक्यावरच्या कावळ्याशी बोलताहेत असं वाटायचं.

निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात. मालकांनी लढायांच्या सहली काढल्या. कांदिवलीच्या एका ओळखीच्याची जुनी मिनीबस, बिऱ्हाडकरू, गल्लीतले शेजारी, त्यांचे पाहुणे, आणि जिथे कधीकाळी माणसं एकमेकांवर धावून गेली होती अशी एखादी जागा. किल्ला, खाडी, माळ, स्मारक, काहीही चालायचं. स्वतः मालकांनी उभ्या आयुष्यात कुणाला चापट मारली नव्हती. घरात झुरळ निघालं तर ते गच्चीवर जाऊन उभे राहत आणि "गेलं का हो?" म्हणून वरून विचारत. पण मैदानावर पाय ठेवला की गळ्यातली शिट्टी तोंडात जायची, पट्ट्यापट्ट्यांची छत्री तलवारीसारखी काखेत यायची, आणि पहिलं काम म्हणजे तर्जनी जिभेवर ओली करून वर धरायची.

"वारा न सांगता जो लढाई सांगतो तो थापाड्या," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. धूर कुणाच्या डोळ्यांत गेला, धूळ कुणाच्या तोंडावर आली, गलबत कुणाचं अडलं, सगळं वाऱ्यावर. शौर्य, कपट, फितुरी याबद्दल ते फारसं बोलत नसत. त्यांच्या मते निम्मे पराक्रम हे वाऱ्याचे होते आणि पुतळे मात्र भलत्यांचेच उभे राहिले होते.

दुसरा नियम असा की जेवणाआधी कुणी "जिंकलं कोण?" असं विचारायचं नाही. विचारलंच तर, "जिंकलं कोण ते पाटीवर लिहिलेलं असतं. पाटी वाचायला माझी बस कशाला लागते?" आणि डबे उघडले की हरलेल्या बाजूने आधी जेवायचं. त्यामुळे पुढे पुढे बायका चढायच्या आधीच हळूच विचारून ठेवायच्या, आज हरणारी बाजू कुठली, आणि तिकडे जाऊन उभ्या राहायच्या.

माझी पहिली लढाई बसशिवायच झाली, कारण ती आमच्याच एकसरला होती. तिथे जुने वीरगळ आहेत, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या आठवणीचे उंच दगड. त्यांच्यावर गलबतं कोरली आहेत, वल्ही मारणारी माणसं कोरली आहेत, खाली धुमश्चक्री आणि वरच्या टोकाला स्वर्ग. गावच्या बायका त्यांना देव समजून फुलं वाहतात. मालक दगडावरची एकेक वल्ही छत्रीच्या टोकाने दाखवत होते, तेवढ्यात आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातल्या बँकेतल्या बाईंनी पदर डोक्यावर घेऊन दगडापुढे डोकं टेकवलं आणि पुटपुटत काहीतरी मागितलं.

"काय मागितलंत?" मालकांनी विचारलं.

"मुलाची बारावी आहे हो यंदा."

"अहो, हा माणूस खाडीत बुडून मेला. त्याला आईकडे परत जाता आलं नाही. त्याच्याकडे तुम्ही फर्स्ट क्लास मागता?"

बाई ओशाळल्या. पण थोड्या वेळाने आम्हाला रांगेत उकिडवं बसवून हवेत वल्ही मारायला लावण्याआधी मालकांनी स्वतःच्या चपला काढून बाजूला ठेवल्या, ते मी पाहिलं. रस्त्यावरचे लोक उभे राहून हसत होते. मलाही शरमेने मेल्यासारखं झालं. तरी सांगते, त्या दिवसापासून ते दगड मला नुसते दगड वाटले नाहीत.

एकदा त्यांनी आम्हाला पुण्याला खडकीच्या युद्ध-दफनभूमीत नेलं. कापलेली हिरवळ, सारखे पांढरे दगड. आम्हाला वाटलं, आता शिट्टी वाजणार. मालकांनी शिट्टीला हातही लावला नाही. फक्त म्हणाले, "प्रत्येकाने एक ओळ घ्या आणि दगडावरचं वय तेवढं मोठ्याने वाचा." आम्ही वाचत गेलो. बावीस, वीस, एकोणीस, चोवीस. चहूकडून नुसते आकडे ऐकू यायला लागले. त्याच बँकेतल्या बाई एका दगडापाशी थांबल्या. त्यांचा मुलगा तेव्हा एकोणीसचा झाला होता. बाई त्या परक्या गोऱ्या पोराला "काय रे हे, बाळा" म्हणाल्या आणि दगडावरचं वाळलेलं पान पदराने पुसून काढलं. परतीच्या वाटेवर बसमध्ये भेंड्या झाल्या नाहीत.

हे सगळं मी आता हसत सांगते, पण मालकांची खरी ओळख मला पटली ती आबांमुळे. आबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना मालवणकडच्या गावाहून आमच्याकडे आणलं. दुसऱ्या महायुद्धात ते पलटणीबरोबर इटलीत होते. त्याबद्दल ते बोलत नसत, आणि रात्री झोपतही नसत. भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसायचे. झोपा म्हटलं की म्हणायचे, "कोण तरी जागो रवाक व्हयो." गावच्या मोठ्या घरात हे खपून गेलं असेल. आमच्या एका खोलीत खपेना. मी कूस वळवली तरी "कोण ता?" असा आवाज यायचा. हे कारखान्यात पाळीवर जायचे ते तारवटलेल्या डोळ्यांनी. एकदा पहाटे आबांनी दूधवाल्याची कॉलर धरली, तेव्हापासून तो आमच्या दारी यायचा बंद झाला. मी मालकांकडे माफी मागायला गेले, तर ते वर कावळ्याकडे बघत म्हणाले, "दूध केंद्रावरून आणा. पहाऱ्यावरच्या माणसाला कसली माफी?"

डॉक्टरांच्या गोळ्यांनी आबांना गुंगी यायची, झोप नाही. वजन उतरत चाललं. रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, हे असंच चाललं तर हृदय थकेल. शेवटी यांनी ठरवलं की शिमग्याला गावी जाऊ तेव्हा आबांना तिकडेच ठेवून यायचं. तिथे रिकाम्या घरात त्यांना कोण बघणार, हे दोघांनाही कळत होतं. पण इथे तिघंही झिजत होतो. आबांना आम्ही अजून सांगितलं नव्हतं.

अशा दिवसांत जानेवारीत वसईच्या किल्ल्याची सहल निघाली. वर्षाची अट होती म्हणून आम्ही दोघं निघालो. आबा म्हणाले, "तुमी दोघाच जातलास? मगे मी येतंय." आम्हाला एकटं सोडणं त्यांना जमलं नसतं. बसमध्ये ते मागच्या दाराशी, मागे तोंड करून बसले.

वसईचा किल्ला म्हणजे पडक्या देवळांइतक्याच पडक्या चर्चांचं गाव. आत ताड, चिंचा, रान माजलेलं, एका अंगाला खाडी आणि पलीकडे समुद्र. मालकांनी बोट ओलं केलं, वारा बघितला आणि आम्हाला वेढ्यात अडकलेली शिबंदी करून टाकलं. मग एकेकाला नेमून दिलं. दर्यादरवाजावर बँकेतल्या बाई आणि त्यांचे यजमान. जमिनीकडच्या दरवाजावर कोपऱ्यावरचे शिंपी आणि त्यांचे दोघे मेव्हणे. बुरुजावर मी आणि हे. तटावर पहिल्या गल्लीतल्या नणंद-भावजया. कुणी कुठे आहे हे ते अर्धवट ठेवत नसत. प्रत्येक जागेचं नाव पुकारायचे आणि तिथल्यांनी ओरडून ओ द्यायची.

"दर्यादरवाजा?"

"आहे!"

"मोठा दरवाजा?"

"आहे!"

"बुरूज?"

मी ओरडले. घसा बसेपर्यंत हे चाललं. एकही कोपरा त्यांनी उघडा ठेवला नाही. मग ते आबांकडे वळले. आबा काठी टेकून चिंचेखाली उभे होते. "आबा, तुम्ही पहिल्या सुरुंगातच पडलात. तुमचं काम संपलं. इथे सावलीत आडवे व्हा."

आबांनी एकदा चहूकडे बघितलं. मग कोट काढला, गुंडाळून उशाला घेतला आणि आडवे झाले.

मालकांनी वेढा सुरू केला. खाडीवरचा वारा, सुरुंगाची दारू, ओली पेटते कशी आणि विझते कशी. मी बुरुजावरून खाली बघितलं. आबांच्या हातातली काठी सुटून गवतात पडली होती. ती काठी कधी सुटायची नाही. तोंड उघडं, मान एका बाजूला कललेली. मी यांचा दंड धरला. हे बुरूज उतरून धावत सुटले. मी मागोमाग. माझ्या डोक्यात एकच येत होतं, आबांना शिमग्यापर्यंत तरी राहू द्यायला हवं होतं रे देवा.

आम्ही पोचलो तेव्हा मालक आबांपाशी गुडघे टेकून बसले होते. हे हाक मारणार तोच त्यांनी यांच्या तोंडावर तळवा ठेवला. मग नेहमीसारखी तर्जनी जिभेवर ओली केली आणि आबांच्या नाकाखाली धरली. थोडा वेळ तशीच धरली.

"वारा आहे," ते कुजबुजले. "मंद आहे. एकसारखा आहे. झोपलाय माणूस."

मी तिथेच गवतात बसले आणि रडले. आवाज होऊ नये म्हणून पदर तोंडात कोंबला.

मालकांनी आम्हाला हाताने खुणावलं: आपल्या जागेवर परत. मग ते टाचा उचलून प्रत्येक ठिकाणी गेले आणि सांगून आले, कुणी जागा सोडायची नाही, कुणी बोलायचं नाही. जो माणूस पाणी प्यायलासुद्धा लढाई थांबवत नसे, त्याने सुरुंग पेटायच्या बेतात असताना वेढा टाकून दिला. उन्हं चढली. बँकेतल्या बाईंनी डोक्यावर नॅपकिन घेतला. शिंप्याचा मेव्हणा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिला. डबे बसमध्ये होते आणि जेवणाची वेळ टळून गेली होती, पण एकही जण हलला नाही. कुरकुरायला आवाज लागतो, तो करायची सोय नव्हती.

मध्येच शेळ्यांचा कळप आला. मालकांनी आपल्या झोळीतल्या पोळ्यांचे तुकडे करत करत तो पार तटापलीकडे नेला. मग कॉलेजची चार पोरं ट्रान्झिस्टरवर क्रिकेटची कॉमेंट्री लावून येताना दिसली. मालक हात जोडून सामोरे गेले.

"काका, लास्टच्या ओव्हर्स आहेत यार," एकजण म्हणाला.

"ऐका ना. कानाला लावून ऐका. तिकडे एक माणूस झोपलाय."

"मग काय झालं?"

"तो चाळीस वर्षांनी झोपलाय," मालक म्हणाले.

पोरांनी आबांकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, तटावर पुतळ्यांसारख्या उभ्या राहिलेल्या बायकांकडे बघितलं. काय समजले कोण जाणे. एकमेकांच्या डोक्याला डोकी लावून, ट्रान्झिस्टर मध्ये धरून ती तिथेच बसली. कुणीतरी आउट झालं तेव्हा चौघांनी नुसत्या मुठी वर केल्या.

चिंचेची सावली सरकून ऊन तोंडावर आलं तेव्हा आबा जागे झाले. उठून बसले. बुरूज बघितला, तट बघितला, सगळे आपापल्या जागी.

"कोणी उठवूक नाय माका?"

"तुम्ही मेला होतात, आबा," मालक म्हणाले. "मेलेल्याला कोण उठवतं?"

आबा हसले. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्यांचे खालचे दोन दात नाहीत हे मला त्या दिवशी कळलं.

जेवताना, कुणी न विचारता, ते मालकांना सांगायला लागले. इटलीत एका नदीकाठी खंदकात ते आणि शेजारच्या गावचा एक सोबती, दोघंच होते. पाळीपाळीने जागायचं. आबांची पाळी संपली, त्यांनी सोबत्याला उठवलं. "'तू झोप, मी आसंय,' म्हणालो तो. मी झोपलंय. उठलंय तर तो नाय." बसल्या जागी गेला होता. तेव्हापासून कुणी झोप म्हटलं की त्यांना ते चालेना.

"मग आज?" मालकांनी विचारलं.

"आज चारी बाजूक माणसा होती. दर्याकडे होती, दारात होती, माथ्यार होती. तुमी हाक मारल्यात, सगळ्यांनी ओ दिली. म्हटला, आता पडूक हरकत नाय."

असं म्हणून त्यांनी आणखी एक पोळी मागितली. वसईचा वेढा त्या दिवशी कुणीच जिंकला नाही. तो अर्धवट राहिला आणि मालकांनी तो पुन्हा कधी पुरा केला नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मालक जिना उतरून आमच्या दारात उभे राहिले. मला वाटलं, पाण्याच्या टाकीचं काही असेल. ते आबांकडे बघून, म्हणजे आबांच्या वरच्या छताकडे बघून, म्हणाले, "फाटक लावलंय. मागच्या गल्लीत नव्या बिल्डिंगीचा गुरखा आलाय. कोपऱ्यावर शिंपी जागा आहे, त्याला लग्नाचे कपडे शिवायचेत. वर मी आहे." आणि वळून निघून गेले.

आबांनी मान डोलावली. अंथरूण घालायला सांगितलं. त्या रात्री ते थोडे झोपले, पुढच्या रात्री जरा जास्त. मालक रोज येत राहिले. पाऊस असो, पाहुणे असोत, शनिवारचा मराठी सिनेमा टीव्हीवर असो, दिवेलागणीला त्यांची वर्दी व्हायचीच. गुरखा सुट्टीवर असला तर तेही सांगायचे, आणि त्याच्या जागी कोण ते सांगायचे. खोटं एकदाही सांगितलं नाही. शिमगा आला, आम्ही तिघं गावी गेलो आणि तिघंही परत आलो. बसमधून उतरल्यावर यांनी माझ्याकडे बघितलं आणि खांद्यावरची वळकटी दुसऱ्या खांद्यावर घेतली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं. कुणाला कुठे सोडून यावं लागलं नाही, एवढ्याचाच तो आनंद.

पुढच्या पावसाळ्यात मालक तापाने पडले. थंडी वाजून ताप, हाडं खिळखिळी करणारा. दिवेलागण झाली, आबा खुर्चीत वाट बघत बसले, जिन्यावर पावलं वाजेनात. झालं, म्हटलं, पुन्हा पहिल्यापासून. मी वर न्यायला पेज भांड्यात ओतत होते. आबा उठले, टोपी घातली आणि माझ्या पुढे जिना चढायला लागले. तोवर ते कधी वर गेले नव्हते.

मालक दोन गोधड्यांखाली कुडकुडत होते. आबा खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. टाचा जुळवल्या. वय विसरून पाठ सरळ केली.

"फाटक लावलंय. मागे गुरखो आसा. शिंपी आसा. खाली माझो झील आसा. तुमी झोपा."

मालक कधी नव्हे ते सरळ समोर बघत होते. थोडी पेज घेतली, भिंतीकडे कूस वळवली आणि झोपले.

जिना उतरताना मला राहवेना. "आबा, मग आज तुम्ही जागणार?"

"मी कित्याक जागू?" ते म्हणाले. "फाटक लावलंय मा."

खाली येऊन त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि आडवे झाले. मी मोरीत भांडी घ्यायला लागले, तेवढ्यात त्यांचा घोरण्याचा आवाज आला. सवयीने माझे हात थांबले. आवाज नको म्हणून भांडी सकाळवर टाकायची, ही मी त्यांच्या येण्यापासून लावून घेतलेली सवय. थोडा वेळ तशीच उभी राहिले. मग नळ पुरता सोडला आणि सगळी भांडी खळाखळा घासून टाकली.